दहा पौंडांचं तिकीट



२०१८ साली लेकीच्या बाळंतपणासाठी मी मेलबर्नला गेले होते. जूनच्या सुरुवातीला पोहोचले आणि दिवाळी उरकून परतले. लेकीच्या शेजारी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या एक इंग्रज आजी एकट्या राहायच्या. जावईबापूंनी माझी ओळख करून देताना सांगितलं, "या माझ्या सासूबाई, इचलकरंजीच्या. त्यांच्या गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात." आजी एकदम खुलल्या. त्या खऱ्या मँचेस्टरजवळच्या एका गिरणगावातल्या निघाल्या! मग म्हणाल्या, "इथे मँचेस्टर म्हणजे काय, ठाऊक आहे का? चादरी, उशांचे अभ्रे आणि टॉवेल."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण दुसऱ्या दिवशी लेकीबरोबर मोठ्या दुकानात गेले तर खरंच, चादरींच्या विभागावर 'मँचेस्टर' अशी पाटी! सुती कापड पूर्वी तिथून यायचं, म्हणून ऑस्ट्रेलियात घरच्या कापडालाच ते नाव पडलं. आजी १९५८ साली नवऱ्याबरोबर दोन लहान मुलं घेऊन इथे आल्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना ती पाटी दिसली होती. आपल्या गावचं नाव वाचून त्या दुकानात रडायला लागल्या आणि विक्रेतीला वाटलं, बाईला चादर महाग पडली.

मी सव्वीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. इंग्रज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर साहेब येतो, त्याचा बंगला आणि त्याचे नोकरचाकर येतात. चार जणांचं बिऱ्हाड दोन पेट्यांत भरून, सरकारी तिकिटावर परक्या देशात पोट भरायला गेलेला इंग्रज मी कधी शिकवला नाही. कारण तो मलाही माहीत नव्हता. आजींमुळे माहीत झाला. नंतर लेकीनं जेम्स हॅमर्टन आणि अ‍ॅलिस्टर थॉमसन या दोघांचं 'टेन पाउंड पॉम्स' हे २००५ सालचं पुस्तक आणून दिलं, ते बाळाला मांडीवर घेऊन वाचून काढलं. अशा कितीतरी लोकांच्या आठवणी आणि पत्रं जमवून त्यांनी ते लिहिलंय.

'पॉम' हा ऑस्ट्रेलियातला इंग्रजांसाठीचा शब्द. थोडा प्रेमाचा, थोडा हिणवणारा. दहा पौंडांचं असं झालं की दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाला माणसं हवी होती. एवढा मोठा देश आणि वस्ती सत्तर-पंचाहत्तर लाखांची. आर्थर कॅलवेल हे तिथले पहिले स्थलांतरमंत्री. माणसं वाढवा, नाहीतर संपून जा, अशी त्यांची घोषणाच होती. ब्रिटनशी करार झाला आणि १९४७ पासून मोठ्या माणसाला फक्त दहा पौंडांत बोटीचं तिकीट मिळू लागलं, लहान मुलं फुकट. त्या काळी इंग्लंडमधल्या कामगाराच्या दोन आठवड्यांच्या पगारापेक्षाही ही रक्कम कमी होती.

आणि इंग्लंडची अवस्था काय होती? युद्ध जिंकलेला देश, पण पावसुद्धा १९४६ ते १९४८ रेशनवर. १९४७ चा हिवाळा इतका कडक की कोळसा पोहोचेना आणि घरोघरी वीज बंद. साखरेचं रेशन सुटलं १९५३ मध्ये. सगळं रेशन संपायला १९५४ चा जुलै उजाडला. अशा घरात ऑस्ट्रेलियाची जाहिरात यायची: ऊन, समुद्र, मोकळं घर, टोपलीभर फळं. लोकांनी रांगा लावल्या. पुढच्या पंचवीस वर्षांत दहा लाखांहून जास्त ब्रिटिश माणसं या मार्गानं गेली. एकट्या १९६९ सालात ऐंशी हजारांवर.

अट एकच. दोन वर्षं राहायचं. त्याआधी परतायचं असेल तर येतानाचं सगळं भाडं सरकारला भरा आणि जातानाचं स्वतः काढा. जातानाचं भाडं माणशी सव्वाशे पौंडांच्या आसपास. दोन मुलांच्या आईनं हा हिशोब एकदा मांडला की पुन्हा मांडायची गरज नसायची.

आजी म्हणाल्या ते मला फार पटलं. त्या म्हणाल्या, "आम्ही जर इटलीला गेलो असतो तर सगळं वेगळंच असणार म्हणून मनाची तयारी केली असती. आम्हाला सांगितलं होतं, हे तर इंग्लंडच आहे, फक्त उन्हातलं."

तीच राणी, तीच भाषा, तेच चर्च, तोच पौंड. पण तो पौंडसुद्धा तोच नव्हता! ऑस्ट्रेलियाचा पौंड इंग्लंडच्या सोळा शिलिंगांइतका. एका पौंडाचे शिलिंग वीस, तेव्हा नाव तेच आणि किंमत चार शिलिंगांनी कमी. आजींच्या नवऱ्याला पहिला पगार मिळाला तेव्हा दोघं खूश झाले आणि मग त्यातून आईला पैसे पाठवायला गेल्यावर पोस्टात कळलं की ते किती आहेत.

सूर्याचंही तसंच. आपल्याकडे वर्षातला बराच काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. इंग्लंडमध्ये तर तो कायम दक्षिणेलाच. म्हणून तिथे घर बघताना दक्षिणेच्या खिडक्या बघतात, तेवढंच ऊन घरात. मेलबर्नमध्ये भर दुपारी सूर्य उत्तरेला असतो. आजींच्या नवऱ्यानं चार वर्षं पैसे साठवून जमिनीचा तुकडा घेतला आणि मोठ्या हौसेनं बैठकीच्या खोलीला दक्षिणेला मोठ्ठी खिडकी ठेवली. त्या खिडकीतून कधी ऊन आलं नाही. "माझा नवरा हुशार होता हं," आजी म्हणाल्या, "पण सूर्य बदलेल असं कुणाच्या डोक्यात येतं?" मी स्वतः पहिले आठ दिवस लेकीच्या मागच्या अंगणात बाळाची दुपटी सावलीत वाळत घालत होते, त्यामुळे मला हसायचा अधिकार नव्हता.

नाताळ भर उन्हाळ्यात. तरी बायका चाळीस अंश उष्म्यात ओव्हन पेटवून, घाम पुसत, गावाकडचंच जेवण रांधायच्या. जून-जुलैत थंडी. आणि ती थंडी इंग्लंडपेक्षा घरात जास्त बोचायची, कारण घरं पातळ लाकडी फळ्यांची, वर पत्रा आणि उबेला एकच शेगडी. मी जूनमध्ये गेले, मला याचा पूर्ण अनुभव आला. आपला चातुर्मास तिकडे थंडीत येतो, ही गोष्टसुद्धा तिथे पोहोचेपर्यंत माझ्या मनाला शिवली नव्हती.

शब्दांच्या गमती तर विचारू नका. सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट ताटलीची. ऑस्ट्रेलियात कुणी घरी बोलावलं किंवा शाळेत समारंभ असला की निरोपात असायचं, येताना एक प्लेट आणा. म्हणजे काय, तर घरी केलेला एखादा पदार्थ आणा. आपल्या महिला मंडळात आपण 'एकेक पदार्थ' म्हणतो तसं. नव्यानं आलेल्या इंग्रज बायकांना वाटायचं, यांच्याकडे बिचाऱ्यांकडे भांडी कमी असावीत. आणि त्या रिकामी ताटली घेऊन जायच्या! इतक्या जणींची ही फजिती झाली की ती आता तिथल्या लोककथेसारखी झाली आहे. आजी तर चौघांच्या चार ताटल्या आणि वर काटे-चमचे घेऊन गेल्या होत्या. टेबलावर सगळ्यांचे केक मांडलेले आणि यांच्या हातात धुतलेल्या कोऱ्या ताटल्या. कुणी काही बोललं नाही. घरी येऊन त्यांनी त्या ताटल्या कपाटात इतक्या मागे ठेवल्या की वर्षभर बाहेर काढल्या नाहीत.

दारूचे गुत्ते संध्याकाळी सहाला बंद, म्हणून पुरुष पाचला कामावरून सुटले की तासाभरात ढोसायचे आणि तसेच घरी यायचे. मेलबर्नमध्ये हे १९६६ पर्यंत चाललं. इंग्लंडमध्ये नवरा-बायको शनिवारी जोडीनं जाऊन बसायची ती जागा इथे बायकांना बंदच. बसायचंच असेल तर वेगळी खोली. आपल्याला त्या जागेशी काय करायचंय म्हणा, पण आठवड्यातली ती एक संध्याकाळ, ते चार शेजारी गेले, हे मला कळलं. दुकानं शनिवारी दुपारी बंद झाली की थेट सोमवारी उघडायची. नव्या वस्त्यांमधून गटारं नाहीत, रस्ता कच्चा. संडास परसाच्या टोकाला, आठवड्यातून एकदा माणूस येऊन डबा बदलणार, आणि बसण्याआधी खाली काळा कोळी नाही ना ते बघायचं. त्याच्या पाठीवर लाल पट्टा असला तर विषारी.

पण मला सगळ्यात लागून राहिली ती वसतिगृहाची गोष्ट. ज्यांना इथे बोलावणारं कुणी नातेवाईक नव्हतं, त्यांची सोय सरकार छावण्यांत करायचं. अर्धगोल पत्र्याच्या लांबट झोपड्या, युद्धात सैनिकांसाठी बांधतात तशा. मधे पातळ भिंती घालून एकेका कुटुंबाला खोल्या. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात बर्फ. संडास-न्हाणी सामायिक. आणि खोलीत स्वयंपाक करायला बंदी. तिन्ही वेळ मोठ्या खानावळीत रांगेत उभं राहायचं, ताटात पडेल ते खायचं. बहुतेक दिवस मटण. त्याचं वर्णन मी इथे करत बसत नाही. ज्यांना ते खायची सवय होती, त्यांनाही ते पुढे वासानं नकोसं झालं, एवढं सांगते.

मैत्रिणींनो, आजी तिथे अकरा महिने राहिल्या. अकरा महिने स्वतःच्या मुलांना स्वतःच्या हातचा घास नाही. धाकटा दोन वर्षांचा, खानावळीतलं काही खाईना, दिवसेंदिवस वाळायला लागला. तेव्हा त्या रात्री दाराला आतून खुर्ची लावायच्या, इस्त्री उलटी करून दोन पुस्तकांमध्ये पक्की बसवायच्या आणि तिच्यावर पावाचे तुकडे भाजायच्या. टोस्टचा वास बाहेर जाऊ नये म्हणून फटीला ओला टॉवेल. पुढे मला त्या पुस्तकावरून कळलं की हे करणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. छावण्यांतल्या जेवणावरून आणि भाड्यावरून पन्नासच्या दशकात कुटुंबांनी भांडणं केली, भाडं भरायला नकार दिला. त्यावर वर्तमानपत्रांतून आणि शेजारपाजारातून उत्तर एकच यायचं, हे पॉम नुसते कुरकुरे. 'कुरकुऱ्या पॉम' हा तिकडे वाक्प्रचारच होऊन बसला. त्यामुळे आजींसारख्या बायका काही बोलायच्या बंद झाल्या. ज्या देशानं दहा पौंडांत आणलं त्याची तक्रार कशी करायची?

हॅमर्टन आणि थॉमसन यांनी पुस्तकाच्या उपशीर्षकात या लोकांना 'ऑस्ट्रेलियाचे अदृश्य स्थलांतरित' म्हटलंय. गोरे, इंग्रजी बोलणारे, राणीचीच प्रजा. यांना कसली अडचण? म्हणून कुणी विचारलं नाही. हे म्हणताना दुसरी बाजू झाकायला नको. इटलीतून, ग्रीसमधून आलेल्यांचे हाल यांच्याहून जास्त झाले. भाषा येत नव्हती आणि कामं सगळ्यात कष्टाची मिळाली. आणि आपल्यासारख्या रंगाच्या माणसांना तर दारच बंद होतं. गोऱ्यांसाठीच देश राखायचं ते धोरण १९७३ पर्यंत पूर्ण सुटलं नव्हतं. माझी लेक १९५८ मध्ये जन्मली असती तर तिला दहा पौंडांतच काय, हजार पौंडांतही कुणी घेतलं नसतं. हे मी आजींना बोलून दाखवलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "आम्हाला तेव्हा ते दिसलंच नाही. आम्ही आमच्याच दुःखात होतो." मला त्यांचा हा प्रांजळपणा आवडला.

पुरुषांना कामाच्या ठिकाणी चार माणसं भेटायची. बाई मात्र नव्या वस्तीत, पाव एकर जागेच्या मधोमध एकटी. इंग्लंडमध्ये आजींच्या घराची भिंत शेजारच्या घराला लागून होती आणि आई तीन दारं सोडून. मीठ संपलं तर पायात चप्पल न घालता जायचं. इथे आईकडून निळ्या कागदाचं हवाई पत्र यायला आठवडा लागायचा. फोन परवडायचा नाही. सामानाचं पार्सल बोटीनं, सहा-सात आठवडे. १९६१ मध्ये आई गेल्याची तार आली. जाणं शक्यच नव्हतं. त्यानंतर तीन आठवड्यांनी आईनं मुलांसाठी विणून पाठवलेले लोकरीचे स्वेटर बोटीनं पोहोचले. "जानेवारीत," आजी म्हणाल्या, "भर उन्हाळ्यात. तिच्या डोक्यात आमचा जानेवारी थंडच होता."

त्यानंतर त्यांनी परत जायचं ठरवलं. असे परतणारे पुष्कळ होते, दर चार माणसांत एक. आजींचं कुटुंब डिसेंबर १९६२ मध्ये इंग्लंडला उतरलं, आणि नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून जो बर्फ सुरू झाला तो मार्चपर्यंत. ब्रिटनच्या इतिहासातल्या सगळ्यात कडक हिवाळ्यांपैकी तो एक. पण त्यांना छळलं ते बर्फानं नाही. मुलांचे उच्चार बदललेले, शाळेत त्यांना चिडवायला लागले. त्या स्वतः कोपऱ्यावरच्या ओळखीच्या दुकानात गेल्या आणि मुलांसाठी गोळ्या मागताना तोंडातून ऑस्ट्रेलियातला शब्द गेला. दुकानदारानं विचारलं, "कुठच्या तुम्ही?" तीन दारांपलीकडे जन्मलेल्या बाईला! आईच्या घरात दुसरं बिऱ्हाड आलेलं. चौदा महिन्यांनी पूर्ण भाडं भरून त्या पुन्हा मेलबर्नला आल्या. परतलेल्यांपैकी साधारण निम्मे असेच पुन्हा ऑस्ट्रेलियाला गेले. तिकडे त्यांना बूमरँग म्हणतात.

यातल्या काहींचं सोनं झालं, हेही खरं. ज्युलिया गिलार्ड चार-पाच वर्षांच्या असताना, १९६६ मध्ये, वेल्समधून आईवडिलांबरोबर आल्या. छाती नाजूक होती म्हणून डॉक्टरांनी उबदार हवेत न्यायला सांगितलं होतं. २०१० मध्ये त्या ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या.

एक दिवस आजींनी मला विचारलं, "तुमची मुलगी पहिल्या वर्षी आली तेव्हा तिला काय जड गेलं?" मी म्हटलं, "काही नाही, लगेच रुळली. फोन रोज असायचा ना." लेक तिथेच बाळाला पाजत होती. ती काही बोलली नाही.

रात्री मी विचारलं तेव्हा सांगितलं तिनं. ती २०१५ च्या मे महिन्यात तिकडे गेली. जूनमध्ये मेलबर्नला सूर्य मावळतो पाच वाजून आठ-दहा मिनिटांनी. हिचं ऑफिस साडेपाचला सुटायचं. लहानपणापासून सूर्यास्तानंतर न जेवणारी मुलगी. नव्या नोकरीत चार वाजता डबा उघडायची लाज वाटायची, कोण काय म्हणेल. मग दुपारच्या डब्यावर रात्र काढायची. दीड-दोन महिने. साडेचार किलोनं उतरली. "आणि तू फोनवर विचारायचीस, जेवलीस का? मी म्हणायचे, हो, दुपारचं." एकदा ती रडली होती फोनवर, ते मला आठवतंय. मी म्हटलं होतं, "नवी नवरी सासरी जाते तेव्हा असंच होतं बाळ, सवय होईल." व्हिडिओ कॉलवर तिचा चेहरा दिसत होता, माझा तिला दिसत होता. तिच्या खिडकीबाहेर अंधार झालाय, हेही दिसत असणार. मी बघितलं नाही.

पुढे तिनं साहेबांना स्पष्ट सांगून टाकलं, चार वाजता पंधरा मिनिटं हवीत. त्यांनी एका शब्दात हो म्हटलं. हे मात्र आजींच्या छावणीत झालं नसतं.

बाळाच्या बारशाला लेकीनं निरोपात गमतीनं 'येताना प्लेट आणा' असं लिहिलं होतं. आजी काठी टेकत आल्या, हातात झाकलेली ताटली. आत बिनअंड्याचे, अजून कोमट असलेले छोटे पाव. लेकीला आधीच फोन करून सगळं विचारून घेतलं होतं, काय चालतं, काय नाही, आणि किती वाजेपर्यंत.

आजी २०२१ मध्ये गेल्या. माझा नातू आता सात वर्षांचा आहे. रोज फोन होतो, आणि मी आधी विचारते, आज तिकडे सूर्य किती वाजता मावळला. परवा म्हणाली, पाच वाजून बारा मिनिटांनी, आणि साडेचारला मुगाची खिचडी झाली.

जय जिनेंद्र.